गोगलगाईचं शस्त्र आणि वाटाण्याएवढी गाठ

फुजैराच्या किंवा खोरफक्कानच्या किनाऱ्यावर शंख वेचायला जाणार असाल, तर आधीच सांगून ठेवतो पोरांनो. शंकूच्या आकाराचा, एका टोकाला निमुळता, अंगावर झकास नक्षी असलेला शंख दिसला आणि आतला प्राणी जिवंत असला, तर त्याला लांबूनच रामराम करायचा. त्या शंखात राहणाऱ्या गोगलगाईंपैकी काही चक्क मासे मारून खातात. आता तुम्ही म्हणाल, जी धड चालतही नाही ती मासा पकडणार कसा? तिथेच तर गंमत आहे.

या कुळातली एक जात आहे, कोनस जिऑग्राफस. हिंदी महासागरापासून प्रशांत महासागरापर्यंत पोवळ्यांच्या खडकांत तिचा मुक्काम. रात्री लहान मासे कपारीत विसावलेले असतात. ही हळूच जवळ जाते, तोंड भलंमोठं पसरते आणि पाण्यात काहीतरी सोडते. मासे जागच्या जागी सुस्तावतात. पळत नाहीत, धडपडत नाहीत. मग बाई सावकाश त्यांना आत घेतात. त्या विषात काय काय असतं याचा शोध घेताना अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांना २०१५ मध्ये एक अजब चीज सापडली. इन्सुलिन!

"इन्सुलिन? आजी घेते ते?" धाकटीचे डोळे मोठे झाले.

जवळजवळ तेच. आजीचं माणसाचं, हे माशांच्या इन्सुलिनशी मिळतंजुळतं. आपलं इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचं, हिचं ४३. आपल्या इन्सुलिनचे रेणू साठवणीत सहा-सहाच्या गठ्ठ्यानं राहतात आणि सुटे व्हायला वेळ घेतात. हिचे सुटेच असतात, त्यामुळे कामाला लागायला उशीर नाही. माशाच्या कल्ल्यांतून ते आत गेलं की रक्तातली साखर धाडकन खाली येते, आणि साखर गेली की मेंदू चालत नाही. या गोगलगाईच्या दंशानं माणसंही दगावली आहेत, पण ती तिच्या दुसऱ्या विषांनी, इन्सुलिननं नव्हे. हे मुद्दाम सांगतोय, नाहीतर उद्या शाळेत जाऊन भलतंच सांगाल.

तर फ्रिजमधल्या पेनातून जे आजीला जगवतं, त्याचाच जादा डोस माशाला गारद करतो. आणि कधी कधी, फार क्वचित, माणसाच्या स्वतःच्या पोटातच एक गाठ तयार होते आणि ती रात्रंदिवस इन्सुलिन सोडत बसते. तिचं नाव इन्सुलिनोमा. आजची गोष्ट तिची.

आधी एक हिशेब करू. मोठ्या माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त असतं. त्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती? चहाच्या एका चमच्याएवढी. चार-पाच ग्रॅम, बस्स! आणि मेंदूला एका तासाला लागते साधारण तेवढीच. म्हणजे रक्तातला चमचा सतत भरत राहिला पाहिजे, पण फार भरूनही चालत नाही.

तुमचे बाबा लहान होते तेव्हा आमच्या गावात नळाला पाणी सोडणारा चावीवाला होता. टाकीत पाणी किती हे बघून तो चावी फिरवायचा आणि गल्लोगल्ली पाणी जायचं. टाकीची पातळी उतरली की चावी बंद. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचं काम हुबेहूब तसं. जेवलो की रक्तात साखर वाढते, त्या इन्सुलिन सोडतात, साखर स्नायूंत आणि चरबीत जाते, यकृतात साठते. दर शंभर मिलिलिटर रक्तामागे साखर ८० मिलिग्रॅमच्या आसपास उतरली की या पेशी हात आखडता घेतात आणि यकृत आपला साठा मोकळा करू लागतं. म्हणून तर आपण रात्रभर उपाशी झोपूनही सकाळी शुद्धीवर उठतो. इन्सुलिनोमातला चावीवाला मात्र टाकीकडे बघतच नाही. टाकी रिकामी होत आली तरी त्याची चावी उघडीच.

या पेशी राहतात कुठे? जठराच्या मागे आडवा पडलेला एक अवयव आहे, स्वादुपिंड. वीतभर लांब, वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. त्याचा बहुतेक भाग अन्न पचवणारा रस बनवतो. १८६९ मध्ये बर्लिनमधला पाउल लँगरहान्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी सशाचं स्वादुपिंड सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. त्या रस बनवणाऱ्या पेशींच्या गर्दीत मधेमधे त्याला वेगळ्याच पेशींचे छोटे छोटे पुंजके दिसले. ते कशासाठी आहेत, हे त्याला कळलं नाही आणि कळलं नाही असं त्यानं प्रबंधात सरळ लिहिलं. मला या पोराचं भारी कौतुक वाटतं. पुढे त्याला क्षय झाला, हवापालटासाठी तो मदेरा बेटावर गेला, तिथे समुद्रातल्या किड्यांचा अभ्यास करत राहिला आणि १८८८ मध्ये चाळिशीतच वारला. त्याच्या मागे, १८९३ मध्ये, लागेस नावाच्या फ्रेंच संशोधकानं त्या पुंजक्यांना नाव दिलं: लँगरहान्सची बेटं. दुबईनं समुद्रात भराव टाकून खजुराच्या झाडाचं बेट उभारलं, तुम्ही त्यावर मोनोरेलनं फिरून आलात. तुमच्या प्रत्येकाच्या पोटात अशी दहा लाखांच्या घरात बेटं आहेत आणि भराव टाकायला कोणी कंत्राटदार आला नव्हता.

इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी राहतात त्या या बेटांवर. त्यांतल्याच एखाद्या पेशीचं वागणं बिघडतं, ती वाढत जाते आणि गाठ होते. बहुतेक वेळा एकच, बहुतेक वेळा दोन सेंटीमीटरपेक्षा लहान, आणि दहातल्या नऊ जणांची साधी, म्हणजे कॅन्सरची नव्हे. पण ही वाटाण्याएवढी गाठ माणसाची काय दशा करते ते बघा.

समजा, आपल्या साताऱ्याकडचा एक माणूस दुबईच्या अल कूझमधल्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे. पहाटे चारला उठतो, काही न खाता कंपनीच्या बसमध्ये बसतो. नऊच्या सुमाराला त्याला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते. मग तो विचित्र वागू लागतो. एकाच्या जागी दोन दिसतात, बोलणं तुटक होतं, हाक मारली तर उगाच चिडतो. दिवस जुलैचे. सगळे म्हणतात, ऊन लागलं! आणि इथे ते खरंही वाटतं. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी घालावी लागते, असं इथलं ऊन. त्याला सावलीत बसवतात आणि कोणीतरी कडक चहा आणून देतं. कागदी कपातला, दाट दुधाचा, भरपूर साखरेचा. दहा-पंधरा मिनिटांत गडी ठणठणीत. निदान हुकलं ते असं! चहानं माणूस वाचवला आणि आजार लपवला.

"मग त्याला कळतं कधी?" थोरल्यानं विचारलं.

कित्येकदा वर्षानुवर्षं कळत नाही. वारंवार साखर उतरत राहिली की शरीर धोक्याची घंटा वाजवणंच कमी करतं. घाम नाही, थरथर नाही, थेट डोकंच चालेनासं होतं. अशा लोकांना फिट येतात म्हणून फिटच्या गोळ्या चालू होतात, कोणाला मानसिक रुग्ण ठरवतात, कोणावर दारू प्यायल्याचा आळ येतो. आणि या माणसाला अनुभवानं एक कळलेलं असतं, की खाल्लं की बरं वाटतं. तो रात्री उठून खातो, खिशात बिस्किटं ठेवतो, वजन वाढवून बसतो. लोक हसतात, खादाड म्हणतात.

डॉक्टरांना हे कोडं सुटायलाही वेळ लागला. टोरोंटोमध्ये १९२१ मध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं, १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका १४ वर्षांच्या मुलाला दिलं. इन्सुलिन जास्त झालं की रुग्ण थरथरतात, बरळतात, हे तेव्हा दिसलं. अमेरिकेतल्या अलाबामाच्या सील हॅरिस या डॉक्टरांनी डोकं चालवलं. इंजेक्शन न घेणाऱ्या काही लोकांना हाच त्रास होतो, मग त्यांचं शरीरच जास्त इन्सुलिन बनवत असेल का? १९२४ मध्ये त्यांनी तसं छापून टाकलं. १९२७ मध्ये मेयो क्लिनिकमधून पुरावा आला. तिथला रुग्ण स्वतः डॉक्टर होता. पोट उघडलं तर स्वादुपिंडाची गाठ यकृतापर्यंत पसरलेली. त्याला वाचवता आलं नाही, पण त्या गाठीचा अर्क सशांना टोचला तर सशांची साखर उतरली. मग १९२९ मध्ये रॉस्को ग्रॅहॅम या सर्जननं एका बाईंची अशी गाठ काढली आणि त्या बऱ्या झाल्या. कुठे? त्याच टोरोंटोत. इन्सुलिन नसलेल्यांना इन्सुलिन मिळालं ते गाव आणि जादा झालेल्यांची सुटका पहिल्यांदा झाली ते गाव, एकच.

आता ॲलन व्हिपल. यांचा जन्म १८८१ चा, आखाताच्या पलीकडे इराणमध्ये, पार वायव्येच्या उर्मिया गावी. आईवडील अमेरिकन मिशनरी. पुढे ते न्यूयॉर्कमध्ये नामांकित सर्जन झाले. त्यांच्यापुढे प्रश्न असा की चक्कर येते म्हणून कोणाचंही पोट उघडायचं का? १९३५ मध्ये व्हर्जिनिया फ्रँट्झ यांच्यासोबत त्यांनी लेख लिहिला आणि तीन अटी घातल्या. उपाशीपोटी त्रास झाला पाहिजे, त्याच वेळी रक्तातली साखर ५० च्या खाली सापडली पाहिजे, आणि साखर दिल्यावर त्रास थांबला पाहिजे. तिन्ही जुळल्या तरच पुढे जायचं. आज ५० ऐवजी ५५ धरतात, बाकी अटी नव्वद वर्षांनंतरही त्याच. या अटी घातल्या गेल्या तेव्हा इथे अल ऐनमध्ये साधा दवाखानाही नव्हता. तिथलं पहिलं रुग्णालय पॅट आणि मॅरियन केनेडी या डॉक्टर नवराबायकोनं १९६० मध्ये काढलं, शेख झायेद यांनी दिलेल्या घरात.

व्हिपल यांच्या अटी तपासायच्या म्हणजे रुग्णाला रुग्णालयात ठेवून उपाशी ठेवायचं, जास्तीत जास्त ७२ तास. आपली एकादशी नव्हे हो, एकादशी आणि दुप्पट खाशी! साबुदाणा नाही, शेंगदाण्याचा लाडू नाही, फक्त पाणी. नर्स ठरल्या वेळी रक्त घेत राहते. बहुतेक रुग्णांची साखर पहिल्या दोन दिवसांतच उतरते. साखर ५५ च्या खाली गेली आणि त्रास सुरू झाला की रक्त घेऊन लगेच ग्लुकोज देतात. हा उपास घरी करून बघायचा नाही, जीव जाईल.

त्या रक्तात एक सुंदर साक्षीदार शोधतात. शरीर इन्सुलिन थेट बनवत नाही. आधी एक लांब साखळी बनते, मग तिचा मधला तुकडा कापून बाजूला पडतो. त्या तुकड्याचं नाव सी-पेप्टाइड. इन्सुलिनचा एक रेणू तर याचाही एक. औषधाच्या इन्सुलिनमध्ये हा तुकडा नसतो. म्हणजे इन्सुलिन भरपूर आणि सी-पेप्टाइड नगण्य असेल, तर इन्सुलिन बाहेरून टोचलेलं आहे. दोन्ही भरपूर असतील, तर ते आतूनच आलं आहे. मधुमेहाच्या काही गोळ्याही असाच देखावा उभा करतात, म्हणून त्यांचीही तपासणी करतात. ती मूळची लांब साखळी १९६७ मध्ये शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांना दिसली, आणि ती त्यांनी शोधली ऑपरेशनमध्ये निघालेल्या एका इन्सुलिनोमाच्या तुकड्यांत! ज्या गाठीनं एका रुग्णाला छळलं, तिनंच जगाला हे शिकवलं.

आजार ठरला, पण गाठ आहे कुठे? सीटी, एमआरआय, आणि तोंडातून दुर्बीण जठरात उतरवून आतून केलेली सोनोग्राफी, यांत बहुतेक गाठी दिसतात. काही तरीही लपतात. तेव्हा मदतीला कोण यावं? एक वाळवंटी सरडा!

इथल्या वाळूत जाड काटेरी शेपटीचा धब तुम्ही पाहिलाय. अमेरिकेच्या ॲरिझोनातल्या वाळवंटात हीला मॉन्स्टर नावाचा काळ्या-नारिंगी कातडीचा विषारी सरडा राहतो. वर्षातून मोजक्या वेळा जेवतो. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन एंग यांना त्याच्या विषारी लाळेत एक पदार्थ सापडला, एक्झेंडिन-४. आपल्या आतड्यातलं एक संप्रेरक स्वादुपिंडाच्या पेशींवर ज्या जागी जाऊन चिकटतं, नेमका तिथेच हाही चिकटतो. त्यावरून मधुमेहाचं औषध निघालं, ती वेगळी गोष्ट. पण साध्या इन्सुलिनोमावर या चिकटण्याच्या जागा खच्चून भरलेल्या असतात. मग डॉक्टरांनी एक्झेंडिनला किरणोत्सर्गी अणू जोडला आणि तो शिरेतून सोडला. तो जाऊन गाठीवर बसतो आणि स्कॅनमध्ये गाठ उजळून दिसते. बाझलच्या संशोधकांनी अशा लपलेल्या गाठी २००८ मध्ये शोधून दाखवल्या. हा स्कॅन अजून सगळीकडे मिळत नाही. पण कुठे तो सरडा आणि कुठे साताऱ्याचा माणूस!

आता ऑपरेशन. स्वादुपिंडाला सर्जन वचकून असतात, कारण त्याच्या मधोमध पाचक रसाची नळी जाते. ती दुखावली तर मांस पचवणारा रस पोटात सांडतो. शिवाय प्रत्येक रुग्णाला ऑपरेशनआधी उपाशी ठेवतात, पण याला उपाशी ठेवणं म्हणजेच धोका. म्हणून रात्रीपासून ग्लुकोजचं सलाईन लावतात आणि टेबलावरही साखर सारखी मोजत राहतात. इथे अबू धाबीत अल मारिया बेटावर २०१५ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिक सुरू झालं, तिथे स्वादुपिंडाची अवघड ऑपरेशनं होतात. त्याआधी अशा कामासाठी लोक सर्रास परदेशी किंवा मुंबईला जायचे.

सर्जन गाठ बोटांनी चाचपतो आणि सोनोग्राफीची कांडी थेट स्वादुपिंडावर टेकवून बघतो. या दोन उपायांनी नव्वद टक्क्यांहून जास्त गाठी हाती लागतात. गाठ वरवर आणि नळीपासून दूर असेल तर ती नुसती सोलून काढतात. बाकीचं स्वादुपिंड जागच्या जागी. गाठ नळीला खेटून किंवा खोल असेल तर तेवढा भाग कापावा लागतो. शेपटीकडचा भाग गेला तर शक्यतो प्लीहा वाचवतात. डोक्याकडचा भाग काढायचं मोठं ऑपरेशन व्हिपल यांच्याच नावानं ओळखतात, पण या गाठीसाठी त्याची वेळ क्वचित येते. पूर्वी गाठ सापडली नाही की अंदाजानं अर्धं स्वादुपिंड कापत. ते आता करत नाहीत, आणि बरं झालं. ऑपरेशन ज्यांना झेपणार नाही त्यांच्यासाठी डायझॉक्साइड नावाची गोळी आहे, ती इन्सुलिन सुटणं रोखते. दुर्बिणीतून सुई घालून गाठ जाळण्याचे प्रयोगही चालू आहेत.

आणि मग जे होतं ते मला सगळ्यात गोड वाटतं. गाठ निघाली की अर्ध्या तासात साखर वर चढू लागते. पुढचे काही दिवस ती चांगलीच वाढलेली असते, २०० च्या पुढेही जाते. कारण? गाठ इतकी वर्षं इन्सुलिन ओतत होती म्हणून बेटांवरच्या चांगल्या पेशी काम सोडून निजल्या होत्या. त्यांना जाग यायला वेळ लागतो. साखर उतरण्यानं गांजलेल्या माणसाला कधी कधी चार दिवस इन्सुलिन टोचावं लागतं! घरचे घाबरतात, म्हणतात मधुमेह झाला. तसं नसतं. पेशी जाग्या होतात आणि साखर ठिकाणावर येते.

घोर असतो तो त्या पाचक रसाचा. पोटात एक नळी ठेवलेली असते, तिच्यातून येणारं पाणी तपासतात. तिसऱ्या दिवशी त्यात अमायलेज नावाचा पाचक पदार्थ जास्त सापडला तर रस गळतोय. गाठ सोललेल्यांतही हे बऱ्याच जणांना होतं. बहुतेकांचं गळणं काही आठवड्यांत आपोआप थांबतं, तोवर नळी पोटालाच. ताप, वाढतं दुखणं, नळीतून रक्त, यातलं काही दिसलं की त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. प्लीहा काढली असेल तर न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची आणि आणखी काही लसी घ्याव्या लागतात. सहा आठवडे जड उचलायचं नाही. वर्कशॉपमधल्या माणसाला हे कठीण, म्हणून त्याला कायदा माहीत हवा. प्रोबेशन संपलेल्या कामगाराला इथे वर्षाला ९० दिवस आजारपणाची रजा मिळते: पहिले १५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३० अर्धा, उरलेले बिनपगारी.

पुन्हा होते का? मेयो क्लिनिकनं १९२७ ते १९८६ या साठ वर्षांतल्या २२४ रुग्णांची नोंद तपासली. ऑपरेशननंतर दहा वर्षांत शंभरातल्या सहा जणांना पुन्हा त्रास झाला. ज्यांच्या घराण्यातच अनेक ग्रंथींच्या गाठींचा आजार असतो, त्यांच्यात मात्र एकवीस जणांना. म्हणून तरुण वयात गाठ झाली किंवा अनेक निघाल्या, तर घरच्यांचीही चौकशी करतात. बाकीचे साधी गाठ असलेले लोक ऑपरेशननंतर इतरांसारखंच आयुष्य जगतात. रात्री उठून खाणं बंद होतं, वाढलेलं वजनही उतरतं.

हा आजार दर दहा लाखांत वर्षाला एक ते चार जणांनाच होतो. म्हणून चक्कर आली की लगेच गाठीचा संशय घेऊ नका, साधी कारणं ढीगभर आहेत. पण या देशात मधुमेह इतका आहे की जवळपास प्रत्येक मजल्यावर कोणाकडे तरी ग्लुकोमीटर सापडतो. उपाशीपोटी घाम, थरथर आणि भ्रमिष्टपणा पुन्हा पुन्हा होत असेल, तर चहा पाजण्याआधी बोट टोचून आकडा लिहून ठेवा. मशीन जवळ नसेल तर थांबू नका, तीन-चार खजूर किंवा साखरपाणी द्या आणि वेळ लिहा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि ९९८ वर फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवायची.